गझालाला मागणी

आमच्या तल्ल-अस्सुक्करात चौक एकच आहे आणि तो रिकामा होता. मधोमध एक गोल ओटा, ओट्यावर माती, आणि मातीत नगरपालिकेनं लावलेली व उन्हानं परत नेलेली फुलझाडं. दुसऱ्या गावांच्या चौकांत काय काय असतं. कुठे दोन पुरुष उंचीची कॉफीची किटली, कुठे तोफ, कुठे घड्याळ, मग ते बंद का असेना. आमच्या चौकाला वळसा घालायला टॅक्सीवाल्यांना काही कारणच सापडत नसे. ते सरळ ओट्यावरून जात.

गाव सगळं निवृत्त फौजींचं. पहाटे अजान होते आणि तिच्यापाठोपाठ घराघरांतून खोकल्याचे बिगुल वाजतात. नाव मात्र गोड आहे, साखरेची टेकडी. फार पूर्वी इथे सैन्याची साखरेची कोठारं होती, म्हणजे आमच्या पुरवठा आणि वाहतूक दलाची. ज्या गावाला नाव आमच्या पोत्यांनी दिलं, त्या गावाच्या चौकात आमच्या दलाची एखादी खूण असावी, एवढंच आमचं म्हणणं होतं. पण माझ्या समोरच्या घरात कर्नल अबू दिरगाम राहतो.

कर्नल पायदळातला. तो मला पहिल्यापासून पाण्यात पाहतो. मी भांडारात होतो. उभी हयात घोंगड्या, मसूर आणि कंदिलाच्या वाती यांच्या सेवेत गेली. रस्त्यात दिसलो की तो हाक मारतो, "काय कांदेवाले, आज काय भाव?" मी आमच्या दलाचं ब्रीद ऐकवतो की सैन्य पोटावर चालतं. तो म्हणतो, "चालतं ना. पण लढताना पोट आत घ्यावं लागतं," आणि माझ्या पोटाकडे बघतो. माझं पोट हा माझ्या दलाचा वारसा आहे, हे त्याला सांगून उपयोग नाही.

यंदा नगरपालिकेनं जाहीर केलं की सेनादिनाच्या आत जो कोणी चौकात काही शोभेसं आणून उभं करील, चौक त्याचा. दुसऱ्याच दिवशी कर्नलनं मिशीला पीळ देत सांगितलं की एक जुनी तोफ त्याच्या नजरेत आहे. तोफेचं तोंड कुठल्या दिशेला राहील तेही त्यानं बोटानं दाखवलं. बोट माझ्या निजायच्या खोलीच्या खिडकीकडे होतं.

आमच्या दलातल्या निवृत्तांच्या मंडळाची तातडीची बैठक अबू तर्रादच्या भट्टीवर भरली. अबू तर्राद पूर्वी फौजी भट्टीवर होता. आता गावाला रोट्या पुरवतो, पण हात अजून पलटणीच्या मापाचा आहे, त्यामुळे रोज ढीगभर रोट्या उरतात आणि त्या मंडळाच्या सभासदांना खाव्या लागतात. खाता खाता चर्चा झाली. एक म्हणाला, मोठी कढई उभी करू. दुसरा म्हणाला, गव्हाचं पोतं, सिमेंटमध्ये घडवलेलं. त्यावर तिसऱ्यानं शंका काढली की लोकांना ते सिमेंटचंच पोतं वाटेल आणि कोणीतरी घर बांधायला घेऊन जाईल. मग अबू तर्राद भट्टीतून डोकं बाहेर न काढता म्हणाला, "गझाला."

काही नावं अशी असतात की ती कानावर पडली की म्हाताऱ्यांचे पाय जुन्या बुटांसाठी शिवशिवतात.

गझाला म्हणजे हरिणी. ही आमच्या दलाची पाण्याची टँकरगाडी. दूरच्या चौक्यांवर आम्ही उन्हात वाळत पडलेले असायचो. आधी क्षितिजावर धूळ दिसायची, मग धुळीत उड्या मारणारी हिरवी पाठ दिसायची, मग तिच्या ड्रायव्हरचं, अबू मिजवलचं, बेसूर गाणं ऐकू यायचं, आणि मग आमच्या तोंडातल्या लाकडाला आठवायचं की आपण जीभ आहोत. गझाला थकली तेव्हा लिलावात निघाली. अबू मिजवलनंच ती घेतली आणि गावाबाहेर, वाळवंटाच्या तोंडाशी, आपल्या अंगणातल्या डाळिंबाखाली नेऊन उभी केली. तिच्या टपावर कबुतरं राहतात. एकदा भंगारवाला तिची किंमत विचारायला आला तर अबू मिजवलनं त्याच्या अंगावर कुत्रं सोडलं. एकदा शेजारी टाकी भाड्यानं मागायला आला, त्याच्याही अंगावर तेच कुत्रं.

आधी परवानगी आणि मग माल, ही भांडाराची शिस्त. म्हणून मी प्रथम नगरपालिकेत गेलो. शोभा विभागाच्या बाबूनं विचारलं, हत्यार आहे की पुतळा? मी म्हणालो, टँकर आहे. असा रकाना त्याच्याकडे नव्हता. त्यानं विचार केला आणि म्हणाला, उडवतो काय? मी म्हणालो, पाणी. त्याचा चेहरा उजळला. म्हणजे कारंजं. कारंजी उद्यान विभागाकडे असतात. उद्यान विभागानं सांगितलं की पाणीटंचाईमुळे कारंज्यांना बंदी आहे. आधीच दुष्काळ आणि त्यात हा तेरावा महिना. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. भांडारातल्या माणसाला बसून राहता येतं, ते आमचं युद्धकौशल्य आहे. अखेर कंटाळून त्यांनी 'कोरडं कारंजं' म्हणून परवानगी दिली आणि बाबूनं बोट नाचवून बजावलं की पाण्याचा एक थेंब जरी गळला तरी परवानगी रद्द आणि चौक तोफेला. पाण्याची गाडी, कारंज्याच्या नावाखाली, पाण्यावाचून. मी सही केली. फौजेत मी याहून विचित्र गोष्टींवर सह्या केल्या आहेत.

आता प्रश्न अबू मिजवलचा. ही बातमी शेजारात फुटली आणि सल्ल्यांचा पाऊस पडला. आमच्या गावात पडतो तो एवढाच पाऊस. एक म्हणाला, बदल्यात त्याला उंट द्या. एक म्हणाला, देवाच्या नावानं मागा. एक म्हणाला, तो मरेपर्यंत थांबा. माणूस तब्येतीनं ठणठणीत आहे, पण वाट पाहायला आपलं काय जातं? माझी बायको, उम्म लुआय म्हणजे आमच्या लुआयची आई (तसा मी अबू लुआय, बाप), दारात बसून मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत होती. तिनं सगळ्यांचं ऐकून घेतलं, देठ टाकले, आणि म्हणाली, "अहो, जे विकत मिळत नाही ते मागून घ्यायचं असतं. जाहा घेऊन जा."

जाहा म्हणजे मागणी घालायला निघालेली चार वडीलधाऱ्यांची वरात. यजमान कॉफी देतो. जाहाचा म्होरक्या कप उचलत नाही, खाली ठेवतो: आधी आमचं मागणं, मग तुमची कॉफी. आणि यजमान एकदा "कॉफी घ्या" म्हणाला की संपलं, मागितलेलं दिलं. मग आभाळ कोसळलं तरी शब्द फिरत नाही. मुलीचं लग्न असो की खुनाचा समेट, आमच्याकडे सगळं त्या घोटभर कडू कॉफीवर अडतं आणि तिथेच सुटतं.

"आणि फोनवर पाल्हाळ लावू नका," उम्म लुआय म्हणाली. "गझालाला मागायला येतोय, एवढंच म्हणा. नाव घ्या आणि फोन ठेवा."

बायकोचं शब्दशः ऐकायचं असं मी क्वचितच करतो. त्या दिवशी केलं. पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला आणि अबू मिजवल ओल्या आवाजात म्हणाला, "या. घर तुमचंच आहे. नीट सांभाळाल ना रे तिला?" मला वाटलं, ड्रायव्हर माणूस, गाडीचं नाव ऐकून गहिवरला. मी म्हणालो, राणीसारखी ठेवू, सावलीचीसुद्धा सोय करू. त्यानं अल्लाचे आभार मानले.

जाहाला म्होरक्या वजनदार लागतो. आमच्या मंडळात वजन सगळ्यांना होतं, पण ते काट्यावरचं. हुद्द्याचं वजन गावात एकाच माणसाला होतं आणि त्याची तोफ माझ्या खिडकीवर रोखलेली होती. अबू तर्राद म्हणाला, हे म्हणजे वाघाला शेळीचा मामा करण्यासारखं आहे. पण जाहाचं म्होरकेपण नाकारता येत नाही, तशी रीतच नाही, आणि कर्नलला रीत म्हणजे जीव की प्राण. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, अबू मिजवलच्या घरची गझाला आहे, तिला मागणी घालायची आहे, शब्द तुम्हीच टाकावा.

कर्नल उठून उभा राहिला. "लुआयसाठी?"

आता इथे मी खोटं बोललो असं कोणी म्हणू नये. मला खोकला आला. आमच्या गावात सगळ्यांनाच येतो. कर्नलनं तो होकार समजला, माझा खांदा दाबला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला कांदेवाला न म्हणता "अबू लुआय" म्हणाला. मनात काहीतरी टोचलं. पण तोफेएवढं नाही.

लुआय माझा मुलगा. दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांना तोंड उघडायला सांगतो, स्वतःचं उघडत नाही. त्याला फक्त गाडी चालवायला म्हणून बरोबर घेतला. तो फोनमध्ये बघत होता, त्यानं कशासाठी ते विचारलंही नाही.

ठरल्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर आम्ही निघालो. कर्नल सोनेरी काठाचा झगा घालून पुढच्या गाडीत, मागे आमचं मंडळ, आणि सगळ्यांच्या मागे मी ठरवलेली क्रेन. क्रेनला मी अलीकडच्या वळणावर थांबायला सांगितलं. अंगणात पाणी शिंपडलं होतं, कुत्रं बांधलेलं होतं, आणि डाळिंबाखाली गझाला उभी होती, लख्ख धुतलेली, एका चाकाखाली दगड. त्यानं सगळंच धुऊन काढलं होतं, अगदी कोंबड्यांची खुराडीसुद्धा. माझ्या मनात आलं, लेकीच्या पाठवणीला बाप असंच करतो. किती खरं मनात आलं होतं.

आम्ही गाद्यांवर ओळीनं बसलो. कॉफी आली. कर्नलनं कप घेतला आणि समोर ठेवला. मग तो बोलायला लागला. मी त्याचं एरवी काही कबूल करत नाही, पण त्या दिवशी तो चांगलं बोलला. म्हणाला, हे घर तहानेल्यांना पाणी देणारं घर आहे. या घरात एक हरिणी आहे. आम्ही तिला जवळून पाहिलेली नाही, पण विहीर न पाहताही माणूस पाण्याची चव सांगतो. आमच्या दलातले सगळे माना डोलवत होते. अबू तर्राद तर भावनेच्या भरात पुटपुटला, "वाळूचा डोंगर कसा एका दमात चढायची."

अबू मिजवलनं त्याच्याकडे चमकून पाहिलं. मग म्हणाला, "लहानपणी, हो."

"तर आमच्या लुआयसाठी," कर्नल म्हणाला, "आम्ही गझालाचा हात मागतो."

लुआयनं फोनमधून डोकं वर काढलं. हे माझ्या त्या खोकल्याचंच फळ, पण अबू मिजवलला गाडी कळली म्हणजे झालं. लुआय काय आणि चौक काय, कागदावर कोणाचं तरी नाव लागतंच. अबू मिजवलनं डोळे टिपले. म्हणाला, एकच आहे मला, जिवापाड जपली आहे. आणि मग म्हणाला, "कॉफी घ्या. मागायला आलात ते दिलं."

आम्ही कॉफी प्यायलो. शब्द पक्का झाला म्हणून फातिहाची प्रार्थना म्हटली. आतून बायकांच्या जिभांचा गजर झाला, असा की टपावरची कबुतरं उडाली. एका टँकरसाठी एवढा आनंद? माझे डोळे भरून आले. याला म्हणतात दलाचं घर. गोड कुनाफ्याचं ताट फिरलं. मी अबू मिजवलचा हात हातात घेतला आणि म्हणालो, "मग आता उशीर कशाला? क्रेन वळणावर उभी आहे. आजच उचलून नेतो."

"क्रेन?" अबू मिजवल म्हणाला.

"चालत येईल म्हणतोस? पण बॅटरी राहिली असेल का तिची? आणि जरा गळते असंही कानावर आलंय, पण ते आम्ही बघून घेऊ. दिवसभर चौकात उभी तर राहायचीय. गाव येताजाता बघेल, पोरं वर चढतील."

अबू मिजवलनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला आणि तो कोपऱ्यातल्या काठीकडे नेला. कर्नल फार सावकाश माझ्याकडे वळला.

"कांदेवाले," तो म्हणाला, "गझाला कोण?"

मी खिडकीबाहेर बोट केलं. सगळ्यांनी पाहिलं. हिरवी टाकी. टाकीवर परत येऊन बसलेलं एक कबूतर.

"गझाला माझी लेक आहे," अबू मिजवल ओरडला आणि लगेच जीभ चावली, कारण परक्या पुरुषांसमोर त्यानं लेकीचं नाव घेतलं होतं. आमच्याकडे कोणी घेत नाही. बायको म्हणजे मिजवलची आई, मुलगी म्हणजे घरची मंडळी. इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्याच्या मुलीचं नाव मला ठाऊक नव्हतं. गाडीवरच्या मायेनं त्यानं गाडीचंच नाव मुलीला ठेवलं होतं, आणि मग गाडीचं तेवढं गावभर मिरवलं होतं. माझ्या तोंडचं पाणी पळालं. टँकर अंगणात असून काही उपयोग नव्हता.

"म्हणजे माझी लेक नको, गाडी हवी?" अबू मिजवल म्हणाला.

"तसं नाही."

"मग गाडी नको?"

"तसंही नाही."

या दोन प्रश्नांना तिसरं उत्तर कोणाला सुचलं तर मला कळवावं. मुलगी नको म्हणावी तर घराचा अपमान, आणि असले अपमान आमच्याकडे नातवंडांपर्यंत पुरतात. हवी म्हणावी तर सेनादिनी चौकात काय सूनबाईला उभी करू? कर्नल छताकडे बघत बोलत होता. माझ्या मिशीनं, म्हणत होता, या मिशीनं, एका टँकरचा हात मागितला. लुआयनं त्या दिवशीचं आपलं पहिलं वाक्य उच्चारलं. "बाबा, माझं लग्न ठरलंय का?"

तेव्हा आतला पडदा हलला आणि दुसरं कॉफीचं तबक घेऊन एक उंच मुलगी बाहेर आली. मुलींच्या शाळेत गणित शिकवते हे मला मागाहून कळलं, पण तिनं ज्या नजरेनं आमची रांग पाहिली त्यावरून मी लगेच पाठ ताठ केली. बाप म्हणाला, आत जा. ती गेली नाही. तबक खाली ठेवून म्हणाली, "बाबा, तुम्ही शब्द काय दिलात?"

"मागायला आले ते दिलं."

"आणि मागायला काय आले?"

बाप घुटमळला. "गझाला."

"मग शब्द मोडायचा प्रश्नच कुठे येतो? या घरात गझाला दोन आहेत. ती माझ्या आधी आली, मी तिच्या मागून. थोरली घरात बसलेली असताना धाकटीला कोणी उजवतं का? लोक काय म्हणतील?"

अबू तर्राद कुनाफा चावायचा थांबला. सगळ्यांनी कर्नलकडे पाहिलं. कर्नलनं छतावरची नजर खाली आणली. रीत हा शब्द त्याच्या चेहऱ्यावर एकेक अक्षर उमटत गेला. "मुलगी नियमात बोलते आहे," तो म्हणाला. "थोरलीचा मान आधी."

सगळ्यांचा श्वास सुटला, एक अबू मिजवल सोडून. तो उंबऱ्यावर जाऊन बसला आणि डाळिंबाखाली बघत राहिला. लेकीची मागणी ऐकून ज्यानं नुसते डोळे टिपले होते तो आता हुंदके देत होता. "धाकटी गेली असती तर शुक्रवारी जेवायला आली असती," तो म्हणाला. "ही कशी येणार रे?"

मी त्याच्या शेजारी टेकलो. म्हणालो, तू येत जा. दर शुक्रवारी. पोरीकडे बाप जातो तसा. त्यानं नाक पुसलं.

"दोन अटी आहेत. माझी लेक क्रेनला लटकून जाणार नाही, आपल्या चाकांवर जाईल. आणि रिकामी जाणार नाही. आपल्या दलात पाण्याची गाडी कुठे रिकामी पोचलेली मला माहीत नाही. तुला आहे?"

मला कोरडं कारंजं आठवलं. एक थेंब गळला तर चौक तोफेला. मी तोंड उघडलं, अबू मिजवलच्या हातातली काठी पाहिली आणि तोंड मिटलं.

"आणि या पोराचं काय?" कर्नलनं लुआयकडे बोट दाखवलं. जाहाचा म्होरक्या कुठलीही बाब अर्धवट सोडत नाही.

गझाला कप गोळा करत होती. मान वर न करता म्हणाली, "थोरलीला कशी ठेवतात ते आधी बघते."

लुआयनं फोन खिशात ठेवला. हे मी त्याला पहिल्यांदाच करताना पाहिलं.

मग अंगणातल्या हौदातून टाकी भरली, क्रेनवाल्याची बॅटरी उसनी घेतली आणि चाकाखालचा दगड काढला. गझाला खोकली, थरथरली, काळा धूर सोडला आणि सुरू झाली. एवढ्यात बायकांची एक गाडी येऊन थांबली आणि तीतून उम्म लुआय उतरली, ठेवणीतला भरतकामाचा पोशाख घालून. तिला इतक्या लवकर कोणी कळवलं, हे विचारायचं मला सुचलं नाही. तिनं तळहात ओठांशी नेला आणि आवीहा घातली. पाठवणीला आमच्या बायका हेच गातात, ओळ ओळ हाक मारून.

*आवीहा, लोकांच्या गं लेकी, नेती दागिन्यांची डबी*
*आवीहा, आमची पाणी नेते, राहते चौकामध्ये उभी*
*आवीहा, लोकांच्या गं लेकी, रडती उंबऱ्याच्या काठी*
*आवीहा, आमची गळते वाटभर, तहानेल्यांच्या साठी*

आणि ती खरंच गळत होती. अबू मिजवल सुकाणूवर बसून आपलं बेसूर गाणं गात होता, कबुतरं टपावरून उतरायला तयार नव्हती, आणि मागे रस्त्यावर पाण्याची एक बारीक रेघ पडत होती, जशी नवी नवरी मागे वळून बघते तशी. पुढे कर्नल पायी चालत होता, कारण नवरी पोचेपर्यंत म्होरक्यानं गाडीत बसायचं नसतं. मी देवाकडे एवढंच मागत होतो की बाबू आज घरीच झोपलेला असो.

चौकाच्या अलीकडे चढ आहे. त्या चढावर, बरोबर कर्नलच्या दारासमोर, गझालाचा दम संपला. ती थांबली आणि मागे घरंगळू लागली. आमचं मंडळ धावलं. मंडळाची हाडं किती आणि टाकीतलं पाणी किती. टाचा रस्त्यावर घासू लागल्या. मी पाठ टेकवून डोळे मिटले. तेवढ्यात माझ्या शेजारी सोनेरी काठ सळसळला आणि एक खांदा टाकीला भिडला.

"पायदळ," कर्नल दातांतून म्हणाला, "एक, दोन, रेट."

पायदळानं पुरवठा दलाला ढकललं. मंडळाच्या इतिहासात याची नोंद व्हावी अशी सूचना मी मांडली आहे, कर्नलची हरकत आहे.

गझाला ओट्यावर चढली, एकदा डुलली आणि उभी राहिली. त्या धक्क्यानं तिचा जुना नळ तुटला. कोरड्या कारंज्यातून मनगटाएवढी धार चौकात कोसळू लागली.

त्या आठवड्यात गावाला नळाचं पाणी आलेलं नव्हतं. सगळ्या गच्च्यांवरच्या टाक्या कोरड्या ठणठणीत होत्या. आधी एक खिडकी उघडली, मग दहा. मग बादल्या, पातेली, चहाच्या किटल्या, एका पोराच्या हातात बापाचा बूट. रांग लागली. आणि रांग तोडत बाबू आला, परवानगीचा कागद हवेत नाचवत. "एक थेंब म्हटलं होतं," तो म्हणाला. मी मान खाली घातली. बाबूच्या मागून त्याची बायको आली आणि तिनं त्याच्या हातातून कागद काढून दोन्ही हातांत एकेक रिकामा डबा दिला. बाबूनं डब्यांकडे पाहिलं, धारेकडे पाहिलं, आणि हळूच मला विचारलं, "रांग कुठून आहे?"

कर्नल मात्र बाजूला उभा होता, ओल्या झग्यात, यातलं काहीच ओळखीचं नसल्यासारखा. इतक्यात त्याच्या गच्चीवरून त्याच्या बायकोचा, उम्म दिरगामचा, आवाज आला. "अहो, नुसते उभे काय राहिलात? हात धुवायला पाणी नाही घरात. बादली घ्या." तोफेचा आवाज याहून मोठा नसेल. कर्नल बादली घेऊन रांगेत उभा राहिला आणि यथावकाश माझ्यासमोर आला. वर्षानुवर्षांचं एक वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं: काय कर्नलसाहेब, आज काय भाव? पण समोर रिकामं भांडं आलं की भांडारातला हात आधी चालतो, जीभ मागून. मी बादली काठोकाठ भरली. कर्नलनं खाली बघण्याचा प्रयत्न केला.

"अबू लुआय," तो म्हणाला, "पोट जरा आत घे. बादली दिसत नाही मला."

संध्याकाळी मी उम्म लुआयला विचारलं, तुला ठाऊक होतं? मुलीचं नाव, सगळं? ती उरलेली पानं खुडत होती. म्हणाली, "तुम्ही पुरुष गाडीचं नाव गावभर घेता आणि पोरीचं नाव घरात लपवता. मग तुमचा गोंधळ झाला तर त्यात माझी काय चूक?" आणि आवीहाची चाल गुणगुणत आत गेली.

नळ दुरुस्त झाला. तोफ कुठल्याशा दुसऱ्या गावाला गेली म्हणतात. दर शुक्रवारी अबू मिजवल लेकीला भेटायला येतो, चाकावर हात फिरवतो, जेवून जातो. त्याच्याबरोबर धाकटीही येते, थोरलीला कशी ठेवली आहे ते बघायला. आणि आमचा लुआय दर शुक्रवारी पहाटे उठून, दाढी करून, अत्तर लावून, चौकात कायमच्या उभ्या असलेल्या त्या गाडीचं तेल तपासायला जातो. परवा दोघं बॉनेटखाली डोकं घालून फार वेळ तेल तपासत होती.

कर्नलनं ते आपल्या गच्चीवरून पाहिलं आणि रस्त्यापलीकडून मला हाक मारली. "काय कांदेवाले, पुढची जाहा कधी काढायची?"

मला खोकला आला.

"खोकला समजला," कर्नल म्हणाला. "पण या वेळी क्रेन आणू नकोस."